दीडशे नागरिकांचा गृहपाठ आणि सरकारचे गुण

हवामान बदलासंबंधीचे धोरण कोणी ठरवावे? या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की विषय शास्त्रीय आहे, तेव्हा तो शास्त्रज्ञांवर आणि त्यांचा सल्ला घेणाऱ्या सरकारवर सोपवावा. सामान्य माणसाला त्यातले काय कळणार? दुसरे असे की लोकशाहीत लोक हेच मालक, तेव्हा लोकांना जे हवे तेच व्हावे. पहिल्या उत्तरात लोकांवर अविश्वास आहे. दुसऱ्या उत्तरात लोकांनी विषय समजून घेण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही. ज्याचा धंदाच समजावून सांगण्याचा आहे त्या शिक्षकाला ही दोन्ही उत्तरे पटू नयेत.

या दोहोंहून वेगळे, तिसरे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयोग फ्रान्समध्ये २०१९ ते २०२१ या काळात झाला. सर्वसामान्य नागरिकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १५० जण निवडले गेले, त्यांना हवामानाचा विषय शिकवला गेला, आणि देशाने काय करावे ते तुम्हीच सांगा, असे त्यांना सांगण्यात आले. या प्रयोगाचे जगभर कौतुक झाले, तशीच टिंगलही झाली. तो कसा झाला, त्यात काय साधले, तो कोठे अडला आणि का अडला, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो: नागरिक या परीक्षेत उत्तीर्ण झाले, नापास झाली ती नागरिकांना सत्तेशी आणि इतर जनतेशी जोडणारी व्यवस्था.

पिवळी जाकिटे

प्रयोगाचे मूळ एका करात आहे. फ्रान्सने २०१४ साली कार्बन कर लागू केला. इंधन जाळल्यावर जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल त्या प्रमाणात कर, अशी ही कल्पना. आरंभी दर टनामागे ७ युरो असलेला हा कर वाढत वाढत २०१८ मध्ये ४४.६ युरोवर गेला. याचा गाडीवाल्याच्या खिशाशी काय संबंध, हे विद्यार्थ्यांना सहज काढता येईल. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ०.८४ किलो. त्यातला सुमारे ८६ टक्के भाग कार्बन. कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणजे एक लिटर डिझेल जाळले की ०.८४ × ०.८६ × ४४/१२, अर्थात सुमारे २.६५ किलो वायू तयार होतो. डिझेल द्रवरूप, वायूतला ऑक्सिजन मात्र हवेतून येतो, म्हणून वायूचे वजन इंधनापेक्षा तिपटीहून जास्त भरते. टनाला ४४.६ युरो या दराने लिटरमागे कर झाला सुमारे १२ सेंट.

जानेवारी २०१९ पासून इंधनावरील कर आणखी वाढणार होता: डिझेलवर लिटरमागे ६.५ सेंट आणि पेट्रोलवर २.९ सेंट. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी लोक रस्त्यावर उतरले. फ्रान्समध्ये प्रत्येक मोटारीत अपघाताच्या वेळी घालायचे चकचकीत पिवळे जाकीट ठेवावे लागते. तेच आंदोलकांनी अंगावर चढवले आणि आंदोलनाला नाव मिळाले ‘पिवळी जाकिटे’. आंदोलकांतले पुष्कळ लोक लहान गावांत आणि शहरांच्या कडेला राहणारे होते. तेथे बस नाही, रेल्वे नाही. कामावर जायचे तर स्वतःच्या गाडीला पर्याय नाही. शिवाय विमानाच्या इंधनावर असा कर नव्हता. रोज कामावर जाणाऱ्याने कर भरायचा आणि सुटीसाठी उडणाऱ्याने भरायचा नाही, हे त्यांना अन्यायाचे वाटले. ते निव्वळ अज्ञान होते असे कोण म्हणेल? डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने करवाढ मागे घेतली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात कार्बन कर हा उत्तम उपाय मानला जातो. धोरण आखणाऱ्यांनी पुस्तकातले गणित बरोबर सोडवले होते. पण ज्यांना तो कर भरायचा होता त्यांना ते गणित कोणी विचारलेही नव्हते आणि समजावूनही सांगितले नव्हते. वरच्या पहिल्या उत्तराचे, म्हणजे ‘सारे तज्ज्ञांवर सोपवा’ या विचाराचे, असे होते.

दीडशे माणसे कशी निवडली

२०१९ च्या आरंभी सरकारने देशभर चर्चासभा घेतल्या आणि त्यानंतर एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी नागरिकांची हवामान परिषद भरवण्याची घोषणा केली. पंतप्रधान एद्वार फिलीप यांनी जुलैमध्ये परिषदेला काम लेखी नेमून दिले: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन निदान ४० टक्क्यांनी कमी करायचे आहे, ते सामाजिक न्याय सांभाळून कसे करता येईल ते सांगा. शेवटचे शब्द पिवळ्या जाकिटांनी मिळवलेले होते.

सदस्य निवडण्यासाठी यंत्राने यदृच्छेने दूरध्वनी क्रमांक तयार केले. मग स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि प्रांत या सहा कसोट्यांवर देशातले प्रमाण जसे आहे तसे परिषदेतही येईल, अशी निवड केली. स्त्रिया निम्म्याहून किंचित अधिक. सर्वात लहान सदस्य १६ वर्षांचे. न्यायालयातल्या ज्यूरीप्रमाणे प्रत्येकाला रोजचा भत्ता देण्यात आला.

पावणेसात कोटींच्या देशात १५० जणांनी काय होणार, असे कोणालाही वाटेल. संख्याशास्त्राचे उत्तर असे: खऱ्या अर्थाने यदृच्छेने निवडलेल्या १५० जणांच्या नमुन्यात टक्केवारीची चूक साधारण आठ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकते. म्हणजे ८० टक्क्यांचा कौल मिळाला तर लोकमताचा कल कोणीकडे आहे याबद्दल शंका राहत नाही. ५२ टक्क्यांच्या कौलावरून मात्र काहीच ठामपणे सांगता येणार नाही. आणखी एक मर्यादा आहे. फोन उचलून ‘हो, येतो’ म्हणणारा माणूस आणि ‘वेळ नाही’ म्हणून फोन ठेवणारा माणूस यांत फरक असतो. निवड कितीही काटेकोर केली तरी हा फरक पुसता येत नाही. असे असले, तरी ज्या संसदेचे बहुसंख्य सदस्य सुशिक्षित आणि सुस्थितीतले असतात, तिच्यापेक्षा ही १५० माणसे देशाच्या चेहऱ्याशी जास्त मिळतीजुळती होती हे नाकारता येत नाही. कोणतीही शैक्षणिक पदवी वा प्रमाणपत्र नसलेले लोक त्यांत सुमारे एक चतुर्थांश होते.

नऊ महिन्यांची शाळा

पहिले सत्र ऑक्टोबर २०१९ मध्ये पॅरिसला भरले आणि सातवे जून २०२० मध्ये. दर सत्र शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांचे. मध्ये कोरोनाची टाळेबंदी आल्याने काम लांबले. लॉरान्स त्युबियाना आणि तिएरी पेश हे दोघे सहअध्यक्ष होते. पॅरिस येथील २०१५ च्या जागतिक हवामान कराराच्या वाटाघाटींत त्युबियाना यांनी फ्रान्सच्या वतीने मोठे काम केले होते. पहिल्याच सत्रात हवामानशास्त्रज्ञ व्हॅलेरी मासाँ-देल्मोत यांनी तापमानवाढीचे शास्त्र मांडले. पुढे अर्थतज्ज्ञ, शेतकरी, उद्योगांचे आणि पर्यावरण संस्थांचे प्रतिनिधी, नोकरशहा असे अनेक जण येऊन बोलले. नागरिक प्रश्न विचारत, गटांत बसून वाद घालत. प्रवास, घरे, अन्न, वस्तूंचा वापर आणि उत्पादन असे पाच गट होते. शिफारस कायद्याच्या भाषेत बसवून द्यायला कायदेतज्ज्ञांची तुकडी मदतीला होती.

आम्हांला या शाळेतली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ती परीक्षेसाठी नव्हती. विषय शिकायचा तो ठरवण्यासाठी, आणि ठरवायचे ते स्वतः सोसायच्या गोष्टींबद्दल. असे शिक्षण माणूस निराळ्याच गांभीर्याने घेतो. नऊ महिन्यांनी १४९ शिफारशी तयार झाल्या. त्यांतल्या बहुतेकांना मोठे बहुमत मिळाले. आणि या माणसांनी डोळे मिटून सगळ्याला मान डोलावली असेही नाही: कामाचा आठवडा २८ तासांचा करावा ही सूचना त्यांनीच सुमारे ६५ टक्के मतांनी फेटाळली.

एका शिफारशीकडे जरा बारकाईने पाहू. द्रुतगती महामार्गांवरची वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटरवरून ११० वर आणावी, असे परिषदेने सुचवले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ११० भागिले १३० याचा वर्ग सुमारे ०.७२. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला हवेशी झगडण्यात खर्च होणारी ऊर्जा सुमारे २८ टक्क्यांनी घटते. चाकांच्या घर्षणात जाणारी ऊर्जा फारशी बदलत नाही, त्यामुळे एकूण बचत याहून कमी. पण ती होते आणि त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. बदल्यात काय गमवावे लागते? शंभर किलोमीटरला ४६ मिनिटांऐवजी साडेचोपन्न मिनिटे लागतात. साडेआठ मिनिटांची किंमत. ही शिफारस सुमारे ६० टक्के मतांनी संमत झाली, म्हणजे स्वतः परिषदेतही तिच्यावर एकमत नव्हते. आठवी-नववीच्या वर्गात यावर चांगला वाद घालता येईल.

गाळणी

मॅक्रॉन यांनी एक आश्वासन दिले होते आणि जानेवारी २०२० मध्ये परिषदेत येऊन त्याचा पुनरुच्चारही केला होता: परिषदेच्या शिफारशी ‘गाळणी न लावता’ एकतर सार्वमतास टाकल्या जातील, नाहीतर संसदेपुढे ठेवल्या जातील, नाहीतर थेट शासकीय आदेशाने लागू होतील. लोक कामाला लागले ते या शब्दावर.

२९ जून २०२० रोजी राष्ट्राध्यक्षांनी सदस्यांना आपल्या निवासस्थानी बोलावले. १४९ पैकी १४६ शिफारशी स्वीकारल्याचे जाहीर केले. नाकारलेल्या तीन अशा: ११० ची वेगमर्यादा, कंपन्यांच्या लाभांशावर ४ टक्के कर आणि राज्यघटनेच्या उद्देशिकेत बदल. तीनच नाकारल्या म्हणजे विशेष काही बिघडले नाही, असे त्या दिवशी वाटले असेल. खरी गाळणी पुढे लागली. एकेक शिफारस पाहू.

परिषदेने म्हटले होते: ज्या प्रवासाला रेल्वेने चार तासांपेक्षा कमी वेळ लागतो, तेथे देशांतर्गत विमाने बंद करावीत. कायद्यात चारचे अडीच तास झाले. मे २०२३ मध्ये आदेश निघाला तेव्हा प्रत्यक्षात तीन मार्ग त्यात सापडले: पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत आणि लियाँ. परिषदेने म्हटले होते: १,४०० किलोंहून जड नव्या मोटारींवर जादा कर लावावा. सरकारने मर्यादा १,८०० किलो ठेवली. परिषदेने म्हटले होते: सर्व इमारतींना २०४० पर्यंत उष्णता टिकवून धरणारी संपूर्ण दुरुस्ती सक्तीची करावी. कायद्यात सर्वांत वाईट वर्गाची घरे भाड्याने देण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली: एक वर्ग २०२५ पासून, पुढचा २०२८ पासून, त्यापुढचा २०३४ पासून. परिषदेने म्हटले होते: सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती बंद कराव्यात. बंदी आली ती खनिज इंधनांच्या जाहिरातींवर. निसर्गाचा मोठ्या प्रमाणावर नाश हा स्वतंत्र गंभीर गुन्हा मानावा, या शिफारशीतून कमी दर्जाचा एक अपराध तेवढा कायद्यात आला. हवामानाचे रक्षण राज्यघटनेच्या पहिल्या कलमात घालायचे होते. त्यावर सार्वमत घेऊ असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पण संसदेच्या दोन सभागृहांचे एका क्रियापदावर जमले नाही. प्रजासत्ताक पर्यावरणाच्या रक्षणाची ‘हमी देते’ हा शब्द वरिष्ठ सभागृहाला फार कडक वाटला. जुलै २०२१ मध्ये सरकारने हा विषयच सोडून दिला.

काहीच झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २२ ऑगस्ट २०२१ रोजी जो हवामान कायदा जारी झाला त्यात ३०५ कलमे आहेत. शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण ही आधी प्रयोग म्हणून सुरू झालेली गोष्ट त्याने कायम केली. वाईट वर्गाच्या घरांवरची बंदी हीही लहान गोष्ट नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या भाडेकरूला तिचे मोल विचारावे. सरकारच्या हिशेबाने बहुतेक शिफारशी अंमलात आल्या किंवा येत आहेत. नागरिकांच्या हिशेबाने जशाच्या तशा आल्या त्या फार थोड्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये परिषदेचे शेवटचे सत्र झाले. त्यात विद्यार्थ्यांनी मास्तरांची वही तपासावी तसे नागरिकांनी सरकारला दहापैकी गुण दिले. शिफारशींची दखल घेण्याबद्दल ३.३. सरकारच्या निर्णयांमुळे ४० टक्के घटीच्या उद्दिष्टाकडे जाता येईल का, याबद्दल २.५. त्याच मतदानातले आणखी दोन आकडे मात्र विसरू नयेत. हवामानाच्या कामी ही परिषद उपयोगी पडली का, याला ६. आणि अशा परिषदांमुळे लोकशाही सुधारेल का, याला ७.७. ज्यांना फसल्यासारखे वाटत होते त्यांनीच हा शेवटचा आकडा दिला, हे आम्हांला फार बोलके वाटते. नागरिकांचे २.५ गुण रागाच्या भरात दिलेले नव्हते. जुलै २०२१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही, ४० टक्क्यांच्या उद्दिष्टासाठी सरकारचे उपाय अपुरे आहेत असे ठरवून, ३१ मार्च २०२२ पर्यंत अधिक पावले उचलण्याचा आदेश दिला.

दोष कोणाचा?

सरकारवर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे. पण समीक्षा करायची तर सगळ्यांची केली पाहिजे.

पहिला दोष आश्वासनाचा. ‘गाळणी न लावता’ हे शब्द ज्याने उच्चारले त्याच्या हाती ती गाळणी पूर्णपणे नव्हतीच. कायदा संसद करते. घटना बदलायला दोन्ही सभागृहे लागतात. मग राष्ट्राध्यक्षांनी संसदेच्या वतीने वचन कसे दिले? आणि दिलेले वचन मोडले तर काय, याची तरतूद कोठेही नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये मॅक्रॉन यांनीच, १५० नागरिकांनी लिहिले म्हणून तो धर्मग्रंथ होत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण तत्त्व आधी सांगायचे असते, नऊ महिने राबवून घेतल्यावर नाही.

दुसरा दोष परिषदेच्या पदरात जातो. ज्या करावरून एवढे रामायण झाले त्या कार्बन कराच्या प्रश्नाला परिषदेने हात घातला नाही. तो कर हवा, नको, की त्यातले पैसे गरिबांना परत देऊन हवा? या प्रश्नावर शिकलेल्या दीडशे जणांचे मत देशाला मिळायला हवे होते. शिवाय पुष्कळ शिफारशी एकेक न घेता गटागटाने मतास टाकल्या गेल्या; त्यामुळे बऱ्याबरोबर कच्चीही पार झाली असेल. आणि सर्वात मोठी उणीव बेरजेची. प्रश्न होता ४० टक्क्यांचा. १४९ शिफारशी मिळून किती टन उत्सर्जन कमी होते, हा हिशेब उत्तराच्या शेवटी मांडलेला नाही. गणिताच्या पेपरात रीत लिहून उत्तर न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतोच. त्यात भर अशी की डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाने आपले २०३० चे उद्दिष्ट ४० वरून ५५ टक्क्यांवर नेले. दीडशे जणांचे उत्तर वाचले जात असतानाच प्रश्न बदलला.

तिसरा दोष आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. दीडशे जण नऊ महिने शिकले. बाकीच्यांचे काय? परिषदेत येताना ज्यांना या विषयाचे फारसे काही वाटत नव्हते त्यांचेही मत पुरावे पाहून, विरोधकाचे ऐकून बदलत गेले. पण घरी बसलेल्याला मिळाली ती बातमी: ‘आता ११० च्या वर गाडी चालवता येणार नाही!’ साडेआठ मिनिटांचे आणि २८ टक्क्यांचे गणित त्याच्यापर्यंत पोचले नाही. शिकण्याचा अनुभव निष्कर्षाबरोबर टपालाने पाठवता येत नाही. म्हणून शिफारशींना गाळणी लागली तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहील असा मोठा समाज देशात तयार नव्हता.

दोन निराळ्या वाटा

हे दोष टाळता येतात का? दोन उदाहरणे पाहू. पहिले आयर्लंडचे. तेथे ९९ नागरिक आणि अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती मेरी लॅफॉय अशी नागरिक सभा २०१६ ते २०१८ या काळात बसली. हवामानाच्या विषयाला तिने २०१७ मध्ये फक्त दोन शनिवार-रविवार दिले, म्हणजे फ्रान्सपेक्षा किती तरी कमी. शिफारशीही तेराच. पण ही सभा संसदेच्या ठरावाने नेमलेली होती, आणि तिच्या शिफारशींना सरकारने संसदेत उत्तर द्यावे हे त्या ठरावातच होते. शिफारशी संसदेच्या सर्वपक्षीय समितीकडे गेल्या, मार्च २०१९ मध्ये समितीचा अहवाल आला, त्यानंतर सरकारची कृतियोजना आणि २०२१ मध्ये कायदा. जास्त कर्बवायू सोडणाऱ्या गोष्टींवर आपण जादा कर भरायला तयार आहोत, असे सभेतल्या ८० टक्के नागरिकांनी म्हटले होते. तेथे कार्बन कर २०३० पर्यंत टनाला १०० युरोपर्यंत नेण्याचे कायद्यानेच ठरले. शेतीतल्या उत्सर्जनावर कर लावावा, ही ८९ टक्क्यांची शिफारस मात्र तेथेही बाजूला पडली. तेव्हा आयर्लंड म्हणजे स्वर्ग नव्हे. पण तेथे कोणी ‘गाळणी नाही’ असे म्हटले नव्हते. गाळणी कोणाच्या हाती आहे आणि तिने उत्तर कोठे द्यायचे, हे आधी ठरलेले होते. छोटे वचन पाळले गेले; मोठे मोडले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. ते हवामान धोरणाचे नाही, पण आमच्या तिसऱ्या आक्षेपाला नेमके लागू पडते. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे काहीशे वस्तीचे गाव आहे. तेथे निर्णय ग्रामसभेत आणि सर्वांच्या सहमतीने होतात. ग्रामसभेखेरीज तेथे अभ्यासगट आहे. त्यात बाहेरच्या जाणकारांना बोलावून एखादा विषय समजावून घेतला जातो, प्रश्न विचारले जातात. निर्णय मात्र त्या बैठकीत होत नाही. तो ग्रामसभेचाच. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या कामामुळे ही पद्धत महाराष्ट्रात सर्वांना परिचित झाली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

गाव आणि देश यांची तुलना सरळ होत नाही, हे आम्ही जाणतो. पावणेसात कोटी माणसे एका झाडाखाली बसू शकत नाहीत. पण तत्त्व पाहण्यासारखे आहे. मेंढ्यात शिकणारे आणि ठरवणारे लोक एकच आहेत, आणि निर्णय पाळायचा तोही त्यांनीच. पॅरिसमध्ये शिकले एक, ठरवले दुसऱ्यांनी आणि सोसायचे तिसऱ्यांनी. मोठ्या देशात ही तीन वर्तुळे पूर्ण एकमेकांवर बसणार नाहीत. ती शक्य तितकी जवळ आणणे एवढेच आपल्या हाती आहे. दीडशे जणांच्या एका परिषदेबरोबर गावोगावी, शाळाशाळांतून तेच पुरावे मांडणारे शेकडो अभ्यासगट चालले असते, तर निकाल काय लागला असता? हा प्रश्न फ्रान्सला कोणी विचारला नाही.

शिक्षकांसाठी चार प्रश्न

लोकसहभाग हा शब्द आता सरकारी कागदांवर सर्रास येतो. आपल्याकडेही मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांवर जनसुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची निदान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळावा लागतो. असा सहभाग खरा की नावाचा, हे ओळखण्यासाठी फ्रान्सच्या अनुभवावरून चार प्रश्न सुचतात. आलेली माणसे कोणी आणि कशी निवडली? विषय समजून घ्यायला त्यांना किती वेळ आणि कोणाकोणाची मदत मिळाली? त्यांच्या म्हणण्याला कोणी, किती दिवसांत आणि कारणांसह लेखी उत्तर द्यायचे हे आधी ठरले होते का? आणि ते जे शिकले ते बाकीच्यांपर्यंत कसे पोचणार होते? पहिल्या दोन प्रश्नांत फ्रान्सला आम्ही भरपूर गुण देऊ. तिसऱ्यात थोडे. चौथ्यात जवळजवळ शून्य.

हा चौथा प्रश्न शिक्षकांच्या अंगणातला आहे. इंधनाच्या एका लिटरमधून किती वायू निघतो हे ज्या गावात दहा माणसांना काढता येते, त्या गावाला कर का वाढला हे विचारता येते, आणि विमानाला तो का नाही हेही. पिवळी जाकिटे घालून उतरलेल्यांचा प्रश्न खरा होता. त्यांच्याबरोबर बसून तो सोडवायला कोणी आले नव्हते. नंतर दीडशे जणांबरोबर कोणी तरी बसले, आणि त्यांनी तो बऱ्यापैकी सोडवून दाखवला. सामान्य माणसाला शास्त्र कळत नाही, असे यापुढे कोणी म्हणाले तर त्याला या दीडशे जणांची वही दाखवावी. तिच्यातल्या चुकांसकट.